सलामीची फुलं, प्रोशुत्तोच्या निऱ्या: चाळीस पाहुण्यांसाठी गॅस न पेटवता केलेली तयारी

पार्टी शनिवारी संध्याकाळी सात वाजता होती. पाहुणे चाळीस. जेवण नंतर होतं, म्हणजे सुरुवातीला उभ्याउभ्या खायचे पदार्थ हवे होते आणि ते सगळे क्युअर्ड मीटचे, म्हणजे मीठ लावून मुरवलेल्या, वाळवलेल्या मांसाचे करायचे होते. यात शिजवणं काही नाही. त्यामुळे काम सोपं वाटतं आणि तिथेच गणित चुकतं. चूल नसली तरी तापमान सांभाळावं लागतं, फक्त उलट्या दिशेने. कोणता काप किती मिनिटं फ्रिजबाहेर राहिला, यावर ग्लासाच्या काठावर चकत्या दुमडून केलेलं फूल उभं राहणार की फाटणार हे ठरतं. सोमवार ते शनिवार काय काय केलं ते क्रमाने लिहिते आहे, म्हणजे पहिल्यांदाच हा घाट घालणाऱ्याला कुठे थांबायचं आणि कुठे घाई करायची ते कळेल.

सोमवारी फक्त कागद-पेन्सिल. नंतर जेवण असेल तर माणशी 50 ते 60 ग्रॅम मांस पुरतं. जेवण नसेल तर 100 ग्रॅमच्या पुढे जावं लागतं. माणशी 55 ग्रॅम धरून 2.2 किलो झालं. वाटणी अशी केली: मोठ्या चकतीची सलामी (वाळवलेलं सॉसेज) 900 ग्रॅम, छोट्या चकतीची पेपरोनी (तिखटसर सलामी) 300, प्रोशुत्तो (मुरवून वाळवलेली डुकराची मांडी) 400, ब्रेसाओला (वाळवलेलं गोमांस) 350, मोर्तादेल्ला (मऊ, शिजवलेलं सॉसेज) 250. वजनात विचार करून उपयोग नसतो, कारण हाताखाली काप येतात. म्हणून वजनाचे काप करून घेतले. 9 सेंटीमीटर व्यासाची, साधारण 1.2 मिलिमीटर जाडीची सलामीची एक चकती 8 ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे 900 ग्रॅमच्या सुमारे 112 चकत्या. साडेपाच सेंटीमीटरची पेपरोनी 3 ग्रॅमची, म्हणजे 300 ग्रॅमच्या शंभर. प्रोशुत्तोचा लांब पातळ काप 13 ग्रॅमचा, म्हणजे 400 ग्रॅमचे तीस. मग एकेका पदार्थाला काप वाटून दिले: चार मोठ्या फुलांना 48 चकत्या, तीस कोनांना 30, तीस काड्यांना 30. उरल्या चार, त्या फाटण्यासाठी. हा हिशेब आधी केला नाही तर शुक्रवारी रात्री तिसऱ्या फुलाला चकत्या कमी पडतात.

पाहुण्यांना विचारायचे प्रश्नही सोमवारीच विचारून घेतले. डुकराचं मांस कोण खात नाही? गोमांस कोण खात नाही? कुणी गरोदर आहे का? दूध, सुकामेवा, मोहरी यांची ॲलर्जी? हे प्रश्न आगाऊ वाटले तरी विचारावेत, कारण उत्तरावर खरेदी बदलते. ब्रेसाओला गोमांसाचं असतं, बाकी चारही साधारणपणे डुकराचं, पण पेपरोनीत अनेकदा गोमांसही मिसळलेलं असतं. मोर्तादेल्लात अनेकदा पिस्ते असतात. सलामीत दुधाची पावडर असू शकते. कोंबडीच्या किंवा टर्कीच्या सलामीचं बाहेरचं आवरणही डुकराच्या आतड्याचं असू शकतं, तेव्हा पुढची बाजू बघून समाधान मानू नये, पाकिटाची मागची बाजू वाचावी.

मंगळवारी रंगीत तालीम. फक्त 100 ग्रॅम सलामी आणून दोन फुलं केली. दोन्ही बिघडली. पहिल्यात चकत्या दोन मिलिमीटरच्या होत्या. घडीवर मोडल्या आणि ग्लास काढताच स्प्रिंगसारख्या उघडल्या. दुसऱ्यात चकत्या कागदासारख्या पातळ होत्या. त्या ग्लासाला चिकटून बसल्या आणि काढताना फाटल्या. 1 ते 1.2 मिलिमीटर ही जाडी मधली आहे, आणि घरच्या सुरीने ती येत नाही. दुकानातल्या मशीनवर कापून घ्यावी, किंवा कापलेलं पाकीट घ्यावं. सुरीशिवाय इलाज नसेल तर सलामी अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवून घट्ट करावी, लांब सुरी घ्यावी आणि फुलांचा नाद सोडून घड्या आणि काड्यांवर भागवावं.

खरेदी गुरुवारी केली. त्याआधी करू नये. कापलेलं मांस पाकीट उघडल्यावर तीन ते पाच दिवसांत संपवायचं असतं, आणि मशीनवर कापून घेतलेलं म्हणजे उघडलेलंच समजायचं. अखंड सुकी सलामी फ्रिजबाहेर टिकते, ही समजूत चूक नाही. पण सुरी लागली की तो नियम संपतो. पाकिटावर वाचायच्या गोष्टी अशा: खायला तयार आहे की शिजवून खायचं आहे (शोरिसो हा स्पॅनिश सॉसेज दोन्ही प्रकारचा मिळतो, कच्चा आणि वाळवलेला, आणि कच्चा इथे अजिबात चालत नाही), किती अंशांखाली ठेवायचं, कोणत्या तारखेपर्यंत खायचं आणि उघडल्यावर किती दिवस. ‘या तारखेपर्यंत वापरा’ आणि ‘या तारखेपर्यंत उत्तम’ या दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिली सुरक्षिततेची, दुसरी चवीची.

पाकिटांचे दोन प्रकार असतात, हे सजावटीच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. व्हॅक्यूम पाकिटात काप एकमेकांवर दाबले जातात आणि सुटे करताना फाटतात. नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड भरलेल्या फुगीर पाकिटात ते मोकळे राहतात, बहुतेक वेळा मध्ये कागदही असतो. प्रोशुत्तो तर फुगीर पाकिटातलंच घ्यावं. मशीनवर कापून घेत असाल तर प्रत्येक थराखाली कागद घालायला सांगावं. वेळ लागतो, पण नंतरचा अर्धा तास वाचतो.

सलामीचं आवरणही बघावं. कृत्रिम तंतूंचं असेल तर ते खायचं नसतं आणि कापण्याआधीच सोलावं लागतं: लांबीत एक चीर द्यायची, ओलं फडकं पाच मिनिटं गुंडाळायचं, मग अलगद सुटतं. आवरणावरची पांढरी पावडर म्हणजे मुद्दाम वाढवलेली बुरशी, बहुधा पेनिसिलियम नाल्जिओव्हेन्से जातीची; ती निरुपद्रवी. हिरवी किंवा काळी लवदार बुरशी दिसली, किंवा कापांवर बुळबुळीत थर आणि आंबूस वास आला, तर टाकून द्यावं. प्रोशुत्तोतले बारीक पांढरे ठिपके खराबीचे नसतात, ते लांब मुरवणीत तयार झालेले टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात. मांसावर तेलासारखी इंद्रधनुषी झाक दिसते तीही पुष्कळदा प्रकाशाची किमया असते, स्नायूंच्या धाग्यांवरून प्रकाश फाकल्यामुळे ती दिसते. वास आणि स्पर्श ठीक असतील तर ते मांस फेकू नये.

गुरुवारी रात्री फ्रिजचा एक पूर्ण कप्पा रिकामा केला आणि त्यात थर्मामीटर ठेवला. 4 अंश सेल्सियस किंवा खाली हवं. आमचा मधला कप्पा 7 अंश दाखवत होता. बटण एक घर पुढे सरकवल्यावर सकाळी 3 अंश आला. हे शुक्रवारी कळलं असतं तर उशीर झाला असता.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला फुलं सुरू केली. या कामावर सगळ्यांत जास्त लिहिते आहे, कारण सगळ्यांत जास्त काप इथेच वाया जातात.

ग्लास निवडताना चकतीचा व्यास ग्लासाच्या तोंडापेक्षा मोठा हवा, दीडपटीच्या आसपास. 9 सेंटीमीटरच्या चकतीला साडेसहा सेंटीमीटर तोंडाचा ग्लास, पेपरोनीला 4 सेंटीमीटरचा छोटा. कड पातळ आणि बाजू सरळ हव्यात. तोंडाशी आत वळलेल्या ग्लासातून फूल सुटत नाही. ग्लास कोरडा आणि गार असावा, मी पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवले होते.

फ्रिजमधून एका वेळी 100 ग्रॅमच सलामी बाहेर काढायची. पाच-सात मिनिटांत ती वाकण्याइतकी मऊ होते. अगदी थंड असताना वाकवली तर घडीवर चिरते, पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहिली तर चरबी सुटते, बोटं तेलकट होतात आणि चकत्या एकमेकींवरून घसरतात. मधल्या दहा मिनिटांत एक मोठं फूल होतं. ते झालं की पुढचे 100 ग्रॅम.

चकती ग्लासाच्या काठावर अशी ठेवायची की अर्धी आत, अर्धी बाहेर. दुसरी चकती पहिलीला निम्मी झाकेल अशी. साडेसहा सेंटीमीटरच्या तोंडाला पाच चकत्यांत एक फेरी पूर्ण होते. दुसरी फेरी चारची, सांध्यांवर चकतीचा मध्य येईल अशी, तिसरी तीनची. एकूण बारा. प्रत्येक फेरीनंतर काठावरची घडी बोटाने दाबायची, कारण उलटल्यावर हीच घडी फुलाचं बूड होणार आहे. ती सैल राहिली तर फूल बसतं. एक गोष्ट तालमीत लक्षात आली: शेवटच्या फेरीच्या चकत्या उलटल्यानंतर सगळ्यांत बाहेरच्या आणि सगळ्यांत आतल्याही पाकळ्या होतात. म्हणून गोल, न फाटलेल्या, चरबीचे ठिपके छान दिसणाऱ्या चकत्या शेवटासाठी राखायच्या. चिरलेल्या, वेड्यावाकड्या पहिल्या फेरीत जातात, त्या कुणाला दिसत नाहीत.

मग ग्लास तसाच, त्यावर क्लिंग फिल्म घट्ट लावून रात्रभर फ्रिजमध्ये. उलटायचा दुसऱ्या दिवशी, थेट थाळीवर, ज्या जागी फूल हवं त्याच जागी. तयार फूल उचलून हलवायला गेलं की मोडतं. उलटल्यावर दोन्ही हातांनी बूड जरा आत दाबायचं आणि ग्लास सरळ वर, किंचित फिरवत काढायचा. मधे ग्लासाच्या काचेएवढी फट राहते. पाकळ्या बोटांनी आत लोटल्या की मिटते. मधोमध एक चकती गुंडाळून खोचली तर गाभाही भरतो.

चार मोठी फुलं पाऊण तासात झाली. पेपरोनीची आठ छोटी, प्रत्येकी पाच आणि चार अशा नऊ चकत्यांची, त्यांना आणखी पाऊण तास लागला. ग्लास नसतील तर दुसरी रीत आहे: पाच चकत्या एका ओळीत निम्म्या-निम्म्या चढवून मांडायच्या, ओळ लांबीत दुमडायची, दुमडलेली कड खाली ठेवून सुरनळी करायची आणि टूथपिकने आडवी टाचायची. यात टूथपिक लांब आणि दिसेल अशीच हवी. तोडून आत लपवलेली काडी कुणाच्या तरी घशात जाऊ शकते. ते कधीही करू नये.

फुलांबद्दल आणखी एक. पाहुणे फूल मोडत नाहीत. बघतात, फोटो काढतात आणि बाजूचा काप उचलतात. म्हणून 2.2 किलोतला फार मोठा वाटा फुलांत अडकवायचा नाही, आणि फुलाशेजारी चौघडी घातलेले सुटे काप असायलाच हवेत. ही चौघडी सगळ्यांत सोपी: चकती अर्धी, पुन्हा अर्धी, टोक खाली, गोल कडा वर, आणि अशा दहा-बारा एकमेकींना टेकून उभ्या ठेवायच्या. उरलेल्या पेपरोनीच्या चकत्यांचं मी हेच केलं.

शुक्रवारी आणखी दोनच कामं केली, दोन्ही ओल काढण्याची. मोझ्झारेला चीजचे छोटे गोळे पाण्यातून काढून चाळणीत दोन तास आणि मग कागदी टॉवेलवर रात्रभर. बिया काढलेले ऑलिव्ह, बरणीतले आर्टिचोक (भाजीसारखे खातात ते फुलाचे कळे) आणि तेलातले वाळवलेले टोमॅटो निथळून, टिपून वेगवेगळ्या डब्यांत. थाळीचं सगळ्यांत जास्त नुकसान पाण्याने होतं. चीजचं पाणी सलामीला लागलं की ती जागा फिकट, लिबलिबीत होते आणि नंतर कितीही टिपली तरी सावरत नाही.

शनिवारी दुपारी दोनला कोन. क्रीम चीज 250 ग्रॅम, एका लिंबाची किसलेली साल, बारीक चिरलेली चाइव्हची पात दोन चमचे आणि भरपूर मिरी. मीठ नाही, चिमूटभरही नाही. मांसातच इतकं असतं की त्यावर घातलेलं जिभेला टोचतं. चीज अर्धा तास बाहेर ठेवून घोटावं, नाहीतर पायपिंग बॅगच्या तोंडाशी गोळी अडकते. चकतीला मध्यापासून कडेपर्यंत एक चीर द्यायची, दोन्ही टोकं एकमेकांवर सरकवली की कोन होतो. तो छोट्या ग्लासात उभा करून 8 ग्रॅमच्या आसपास सारण भरायचं, काठापर्यंत नाही. चिरलेल्या चकतीचे कोन सुबक येतात, पण चीर मध्याच्या पुढे गेली की टोकाला भोक पडतं आणि सारण खालून येतं. तीसपैकी चार माझ्याकडून असे गेले. राखून ठेवलेल्या चार चकत्या तिथे कामी आल्या. कोन आदल्या रात्री भरू नयेत, सारणाची ओल मांसात उतरून ते आडवे होतात.

तीन वाजता काड्या. 12 सेंटीमीटरच्या काडीवर आधी ऑलिव्ह, मग चौघडीची सलामी, मोझ्झारेला, टोमॅटोचा तुकडा, आर्टिचोकची पाकळी आणि शेवटी पुन्हा ऑलिव्ह. दोन्ही टोकांना ऑलिव्ह असल्यामुळे मधलं काही घसरत नाही. मोर्तादेल्ला मऊ आणि मोठी असते. तिच्या लांब निऱ्या करून वेगळ्या काड्यांवर ओवल्या. मोर्तादेल्ला मुळात शिजवलेली असते, वाळवलेली नाही, म्हणून ती या पाचांत सगळ्यांत नाजूक आणि थाळीवर सगळ्यांत शेवटी यायला हवी.

ब्रेसाओला साडेचारला. इटलीच्या उत्तरेकडच्या व्हाल्तेल्लीना खोऱ्यातलं हे गोमांस, जवळजवळ चरबी नसलेलं, गडद लाल. चरबी नसल्यामुळे हवेत अर्ध्या तासात कडा तपकिरी होऊन वळतात. प्रत्येक कापावर ब्रशने ऑलिव्ह तेलाचा अगदी पातळ हात फिरवला, अरुगुला या पालेभाजीची दोन-तीन पानं आणि पार्मेजान चीजचा एक पापुद्रा ठेवून सुरनळी केली. लिंबू वाढताना बाजूला फोड म्हणून ठेवावं. आधी पिळलं तर आम्लामुळे मांसाचा लाल रंग उडतो आणि ते शिजवल्यासारखं दिसतं. या सुरनळ्यांची थाळी, चिमटा आणि नावाची चिठ्ठी वेगळी ठेवली, डुकराचं मांस न खाणाऱ्यांसाठी.

प्रोशुत्तो शेवटी, सहा वाजता. सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत लवकर फाटणारं. पाकीट उघडून पाच मिनिटं थांबायचं, मग चरबीच्या कडेने सुटं करायचं. मधून उचललं की फाटतं. ती पांढरी कड काढून टाकायचा मोह होतो, पण पाकळीला आधार तिचाच असतो. आठ काप लांबीत दुमडून, निऱ्या घालत सैल ढीग केले. घट्ट गुंडाळलेलं प्रोशुत्तो दोरीसारखं चिवट लागतं. हवा खेळती राहिली तर तेच तोंडात विरघळतं. बारा काप उभे अर्धे करून खरबुजाच्या चोवीस फोडींभोवती गुंडाळले. फोडी आधी टिपून कोरड्या करायच्या, आणि हे वाढण्याआधी तासाभरातच करायचं, कारण मांसातलं मीठ फळातलं पाणी ओढतं आणि थाळीत डबकं होतं. उरलेले दहा काप तसेच अर्धे करून वीस ग्रिसिनींना (कुरकुरीत पावाच्या काड्यांना), काडीचा निम्मा भाग धरायला मोकळा सोडून. हे पाहुणे दारात असताना करावं; अर्ध्या तासात ग्रिसिनी नरम पडते.

थाळ्या रचताना आधी फुलं उलटली, मग वाट्या, मग घड्या आणि शेवटी भरती. वाट्या यासाठी की ओलं काहीही मांसाला टेकू नये. सहा छोट्या थाळ्या केल्या. तीन बाहेर, तीन फ्रिजमध्ये. एकच भली मोठी थाळी फोटोत छान दिसते, पण तासाभराने तिचा मधला भाग घामेजलेला असतो. थाळी वाढण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढली. अगदी गार असताना चरबी मेणासारखी लागते आणि वास येत नाही. खिडकीच्या आणि झगझगीत दिव्याच्या जागा टाळल्या. नायट्राइट (मुरवताना घालतात तो क्षार) घातलेल्या मांसाचा गुलाबी रंग प्रकाश आणि हवा मिळून उडवतात, मोर्तादेल्लात हे सगळ्यांत आधी दिसतं.

वेळेचा नियम मोडायचा नाही: फ्रिजबाहेर एकूण दोन तास, आणि खोलीत 32 अंशांच्या वर तापमान असेल तर एकच. यात रचण्याचा वेळही धरायचा. प्रत्येक थाळीखाली पेन्सिलने बाहेर काढल्याची वेळ लिहिली होती, त्यामुळे आठवणीवर विसंबावं लागलं नाही. गरोदर पाहुणीसाठी मांस नसलेली थाळी वेगळ्या सुरीने, वेगळ्या फळीवर केली. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, म्हणून गरोदरपणात असं मांस 74 अंशांपर्यंत, वाफ येईपर्यंत गरम केल्याशिवाय खाऊ नये, आणि गरम केलेल्या सलामीचं फूल होत नाही.

साडेनऊला मोजलं. दोन मोठी फुलं अखंड, काही सुरनळ्या, चार कोन. राखून ठेवलेल्या तिघींतली एक थाळी फ्रिजमधून निघालीच नव्हती; ती रविवारी खाल्ली. दोन तासांच्या पुढे गेलेलं मांस टाकावं लागलं, त्यात ती दोन फुलंही होती. पुढच्या वेळी चाळीस जणांना मोठी फुलं दोनच करणार, आणि त्या चोवीस चकत्यांच्या चौघड्या.